गाळटाकीचा तळ

१

पाऊस आला की शहाणी माणसं आडोसा बघतात. काटेसाहेब तेव्हा बाहेर पडत, आणि तेही छत्री न घेता. एका हातात लांब दांड्याचा डबा, दुसऱ्या हातात बाटली. छत्री धरायला तिसरा हात कंपनीने दिलेला नव्हता.

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. भंगाराच्या यार्डात ते उमेदीची सगळी वर्षं वजनकाट्यावर बसले. मग नवा काटा आला. तो स्वतःच वजन करी, स्वतःच पावती छापी आणि चहा मागत नसे. तेव्हा शेठनी साहेबांना उचलून पाण्यावर टाकलं. पाण्यावर म्हणजे यार्डातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्यावर. यार्डात मोडक्या गाड्यांचे ढीग होते, तेलकट इंजिनं होती, रेडिएटर होते, फुटक्या बॅटऱ्या होत्या, लेथवरचा लोखंडी चुरा होता. पाऊस या सगळ्यांना आंघोळ घाली आणि ते पाणी चरांमधून गाळटाकीत येई. टाकी जमिनीत पुरलेली, तीन खणांची, वर जड झाकणं. गाळ खाली बसावा, तेल वर तरंगावं आणि तिसऱ्या खणातून निवळलेलं पाणी पाइपातून ओढ्यात जावं, अशी ती बांधणाऱ्याची कल्पना. प्रत्यक्षात पाणी जसं काळं आत शिरे तसंच काळं बाहेर पडे, फक्त जरा दमून.

पाणी वाहायला लागलं की साहेबांनी तिसऱ्या खणातून नमुना घ्यायचा आणि बाटली लॅबला धाडायची. लॅबने आकडे कळवायचे, सरकारी खात्याने नोटीस काढायची, शेठनी एखाद्या ढिगावर ताडपत्री टाकायला सांगायची, आणि ती वाऱ्याने उडाली की सगळ्यांनी पुढच्या पावसाची वाट बघायची. हे इतकं सुरळीत चाललं होतं की त्यात कोणाचं काही अडत नव्हतं. ओढ्याचं काय ते अडत असेल, पण त्याने तसं कधी लेखी कळवलं नाही.

त्या दुपारी जोराची सर आली. साहेबांनी झाकण सरकवलं, डबा खाली सोडला, वर ओढला आणि बाटलीत ओतायला तिरका केला. मग तो तसाच सरळ केला.

डब्यातलं पाणी स्वच्छ होतं. डब्याचा तळ दिसत होता. तळाला कारखान्याचा छाप आहे, हे साहेबांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

२

साहेब कशावर चटकन विश्वास ठेवणाऱ्यातले नव्हते. जन्मभर काट्यावर बसलेल्या माणसाला कोणी म्हटलं की ट्रक रिकामा आहे, तरी तो ट्रक काट्यावर घ्यायला सांगतो. त्यांनी पहिल्या खणाचं झाकण उघडलं. आत काळं पाणी धबधब करत शिरत होतं, वर तेलाचे रंगीत पापुद्रे फिरत होते. दुसरा खण उघडला. तिथे पाणी राखाडी. तिसरा खण स्वच्छ. पाऊस तोच, पाणी तेच, दोन भिंतींचं काय ते अंतर.

कुठे नळाची लाइन फुटून टाकीत पाणी मिसळतंय का, ते त्यांनी बघितलं. नव्हतं. मग ते पाइपाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. एरवी तिथून पाणी एकसारखं ओढ्यात कोसळे. आज ते हप्त्याहप्त्याने येत होतं. थोडं यायचं, थांबायचं, पुन्हा थोडं यायचं. थांबायचं तेव्हा आतून गटकन आवाज व्हायचा. पाइपात हवा अडकली की असं होतं. साहेबांनी स्वतःला तसं सांगितलं आणि स्वतःचं ऐकलंही.

लॅबवाल्या ताईंचा फोन आला.

"काका, बाटली विसळलीत का?"

हा प्रश्न त्या नेहमी विचारत. बाटलीत त्या आधीच चार थेंब ॲसिड घालून पाठवत, म्हणजे पाण्यातला धातू बाटलीला चिकटून राहत नाही. पण नवा माणूस असला की तो चांगल्या संस्कारांपोटी बाटली आधी विसळतो आणि ॲसिड घालवून बसतो.

"मी काय नवा आहे का?"

"मग खरं सांगा, पाणी नळाचं भरलंत ना?"

"नळाच्या पाण्यात काय निघतं?"

"नळाच्या पाण्यात बरंच काही निघतं हो. यात काहीच नाही. शिसं नाही, तांबं नाही, जस्त नाही. लोखंडसुद्धा नाही, काका. भंगारच्या यार्डातलं पाणी आणि लोखंड नाही. मी मशीन उघडून पुसलं."

"मग?"

"मग मशीन म्हणालं, पुसल्याबद्दल आभारी आहे, पण पाण्यात काही नाही."

पुढच्या सरीचा नमुनाही तसाच निघाला. शेठनी दोन्ही अहवाल समोर ठेवून साहेबांना बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि आवाज खाली आणला.

"काटेसाहेब, तुम्ही काय केलंत ते मला सांगू नका."

"मी काही नाही—"

"सांगू नका म्हटलं ना. करत राहा."

३

टाकीत गाळ किती साठलाय हे बघायला साहेबांकडे एक लोखंडी गज होता. त्याच्यावर खालच्या टोकापासून कानशीने खुणा केल्या होत्या. गज टाकीच्या तळाला टेकेपर्यंत सोडायचा आणि वर काढायचा. किती भाग चिखलाने माखलाय त्यावरून गाळ कळे, आणि कुठवर ओला झालाय त्यावरून पाण्याची खोली. गाळ कमीजास्त होई. पाइप जिथे होता तिथेच असल्यामुळे खोली मात्र कधी बदलत नसे. टाकी सिमेंटची आहे, ती वाढत्या वयाची नाही.

या वेळी गज वर आला तेव्हा त्याला गाळाचा ठिपकाही नव्हता. आणि पाणी एक खूण वर लागलं होतं.

पुढच्या पावसात आणखी एक खूण. त्याच्या पुढच्या पावसात गजाचं वरचं टोक जेमतेम बोटांत राहिलं आणि साहेबांना गुडघ्यावर बसून हात कोपरापर्यंत पाण्यात घालावा लागला.

गेटवरच्या राखणदाराला सगळे सुभेदार म्हणत. मिशीवरून. कर्तृत्वाचा काही संबंध नव्हता. साहेबांनी त्याला गाठलं.

"सुभेदार, ही टाकी बांधली तेव्हा तुम्ही होतात ना? खोल किती हो?"

"मी आत उभा राहिलोय की. गळ्यापर्यंत यायची."

"आता माझा गज बुडतो तिच्यात."

सुभेदाराने मिशीवरून हात फिरवला. "मग तळ खचला असेल. या कंपनीत पगार सोडून सगळं खाली जातं."

तळ खचला असेल, हे साहेबांनाही पटण्यासारखं होतं. खालची जमीन धुपली असेल, गाळ त्यातून निघून गेला असेल, पाणी जमिनीत गाळलं जात असेल. सगळ्याचा उलगडा होत होता. समाधानाने ते केबिनमध्ये गेले आणि गज नेहमीच्या कोपऱ्यात उभा केला. तिथे तो भिंतीवरच्या खिळ्याला टेकायचा. आज टेकेना. खिळ्याच्या बराच खाली येऊन तो भिंतीवरून घसरला आणि खणखणत पडला.

साहेबांनी तो उचलून उजेडात धरला. खालच्या टोकाच्या खुणा नव्हत्या. कोणी कापलं नव्हतं, गंजाने खाल्ला म्हणावं तर गंज कुठेच नव्हता. टोक गोल, गुळगुळीत आणि चकचकीत होतं, चघळून चघळून लहान झालेल्या गोळीसारखं.

टाकी खोल होत नव्हती. गज कमी होत होता.

हिशेब जुळला की साहेबांना बरं वाटायचं. त्या दिवशी हिशेब जुळला आणि त्यांनी केबिनचं दार आतून लावून घेतलं.

४

घरी बायको वाट बघत होती. तिने त्याच यार्डातल्या बॅटरी फोडायच्या शेडमध्ये बरीच वर्षं काम केलं होतं. शेड पुढे बंद झाली, पण शिसं तिच्या हाडांत राहायला आलं ते गेलं नाही. आधी पोटात कळा यायच्या, मग गोष्टी विसरायला लागली, आणि मग एक दिवस मनगटं पडली. हात पुढे केला की पंजा दोरीवरच्या ओल्या फडक्यासारखा खाली लोंबायचा. उजवा जरा बरा, डावा अगदीच गेलेला. डॉक्टर गोळ्या देत होते आणि धीर धरायला सांगत होते. दोन्हींची किंमत त्यांनी सारखीच लावली होती.

तिची जीभ मात्र शाबूत होती.

"शेजारीण निघाली म्हणून मी हात केला," ती सांगे. "जा म्हणून केला, पण पंजा पडला खाली. तिला वाटलं मी बस म्हणतेय. बसली तासभर."

साहेब तिची बटणं लावून देत, वेणी घालून देत आणि चहा करत. वेणी जमायला लागली होती. चहाबद्दल ती काही बोलत नसे, आणि एरवी ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

त्या संध्याकाळी साहेब कप तिच्या ओठांशी धरत होते तेव्हा तिने मान मागे घेतली.

"हात दाखवा."

"का?"

"दाखवा हो. काय चोरलंय का?"

साहेबांनी कप ठेवून तळवे पुढे केले. डावा तळवा नेहमीसारखा होता, रेघारेघांत काळं भरलेला. लग्नात त्या रेघा जशा होत्या तशाच आजवर होत्या. कुठला साबण त्यांना हटवू शकला नव्हता. उजवा हात कोपरापर्यंत तान्ह्या पोराच्या हातासारखा होता. अंगठ्यात फार वर्षांपूर्वी लोखंडाची किरच शिरून कातडीखाली निळा ठिपका राहिला होता. तोही नव्हता. वणसुद्धा नव्हता.

साहेबांनी तिला सगळं सांगितलं. पाणी, पाइप, गज. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे ते धातू खातं."

"ते म्हणजे कोण?"

"मला काय ठाऊक कोण. टाकी तुमची." ती थोडा वेळ स्वतःच्या पडलेल्या पंजांकडे बघत राहिली. "मग माझ्यात काय कमी धातू आहे?"

"तुला वेड लागलंय."

"लागेलच. शिशाने लागतं. डॉक्टरांनीच सांगितलंय."

५

रविवारी यार्ड बंद होतं आणि सकाळपासून पाऊस धरून होता.

"वहिनी, आज इकडे कुठे?" सुभेदाराने फाटक उघडत विचारलं.

"टाकी बघायला."

"बघा, बघा. लोक सुट्टीत बागेत जातात. आमचे साहेब वहिनींना टाकी दाखवतात."

टाकीच्या कडेला साहेबांनी ताडपत्री अंथरली. बायको पालथी झोपली. साहेबांनी तिला कमरेशी घट्ट धरलं आणि तिने दोन्ही हात पाण्यात सोडले.

"गार आहे का?"

"नाही." तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं. "अंगाला लागतच नाहीये."

तेवढ्यात साहेबांच्या लक्षात आलं की आवाज थांबलाय. पाऊस पत्र्यांवर वाजत होता, पहिल्या खणात पाणी कोसळत होतं. फक्त पाइपातलं गटगट बंद झालं होतं. कोणी खाता खाता दाराकडे बघावं आणि तोंड हलवायचं थांबवावं, तसं.

"अहो," ती हळूच म्हणाली.

"काय? ओढू का?"

"थांबा. बोटं मोजतंय."

साहेबांनी तिला इतक्या जोरात मागे ओढलं की दोघंही चिखलात बसली. ती चिखलात बसून हसायला लागली. तिचे दोन्ही हात गोरे, स्वच्छ, आणि पंजे पूर्वीसारखेच लोंबत होते. काही झालं नव्हतं. साहेबांना सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी रडू आलं. ते काय ते त्यांनी पावसावर ढकललं.

मधले दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या सकाळी साहेबांना जाग आली ती बशीवर कप ठेवल्याच्या आवाजाने. घरात दोघंच होती आणि त्यांतले एक अंथरुणात होते.

ती स्वयंपाकघरातून कप घेऊन आली. उजव्या हातात. मनगट सरळ, पंजा वर, कपाचा कान तीन बोटांत. कप बशीवर थोडा थरथरत होता, पण तो थरथरणारा कप तिनेच धरला होता. तिने तो त्यांच्यासमोर ठेवला आणि पदर खोचावा तसा आव आणून म्हणाली, "प्या. आता मला कळलं, मी इतकी वर्षं काय सोसलं ते."

चहात ती साखर घालायला विसरली होती. साहेबांनी तो सगळा प्यायला आणि नाक शिंकरायला उगाचच बाहेर गेले.

उपकार कोणाचे मानायचे हा प्रश्न होता. साहेब दुसऱ्या दिवशी कामावर गेले, इकडेतिकडे बघितलं, तिसऱ्या खणाचं झाकण चार बोटं सरकवलं आणि फटीतून म्हणाले, "फार उपकार झाले आपले."

आतून गटकन आवाज झाला.

६

त्या पावसाळ्यात सगळ्यांचंच बरं चाललं. खात्याच्या माणसाने शेठच्या पाठीवर थाप मारली. शेजारच्या यार्डांचे मालक टाकी बघायला आले आणि त्यांना त्यांच्याच टाकीसारखी टाकी दिसली, त्यामुळे शेठ काहीतरी लपवतोय अशी त्यांची खात्री झाली. लॅबवाल्या ताई बाटली बघून फक्त सुस्कारा टाकायला लागल्या. आणि शेठनी ताडपत्र्या काढून टाकल्या. पाणी स्वच्छच निघतंय तर झाकायचं कशाला? बॅटऱ्या आता उघड्यावरच फुटत होत्या. पहिल्या खणात शिरणारं पाणी पूर्वी काळं असे, आता ते दाट झालं. तिसऱ्या खणातून निघे ते आणखी स्वच्छ. साहेबांच्या डब्याचा तळ एक दिवस कागदासारखा फाटून गेला. त्यांनी प्लास्टिकचा डबा आणला.

जोराचा पाऊस आला की बायको यार्डात हजर व्हायची. उजवा हात पूर्ण सुधारला. डावा वर यायला लागला. ती भाजी चिरायला लागली, वेणी स्वतः घालायला लागली. साहेबांना त्या वेणीची सवय झाली होती. आता संध्याकाळी त्यांच्या हातांना काही काम राहिलं नाही. त्याचंही त्यांनी सुखच मानलं.

ती फिकट पडत चालली, हे त्यांना उशिराच दिसलं. जिना चढताना मधेच बसायची. ओठ पांढरे. एकदा तिने दिव्यापुढे हात धरला आणि साहेबांना उगाच वाटलं की उजेड हातातून आरपार येतोय.

डॉक्टर मात्र खूश होते. शिसं इतकं उतरलं होतं की त्यांनी त्याचं सगळं श्रेय घेतलं. "फक्त रक्त कमी झालंय. अंगातलं लोखंड कुठे जातंय कळत नाही. गोळ्या देतो."

कुठे जातंय ते साहेबांना कळलं. शिसं कुठे संपतं आणि ती कुठे सुरू होते, हे टाकीतल्या त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"आता पुरे," घरी आल्यावर ते म्हणाले. "परत जायचं नाही."

"डाव्या हाताची दोन बोटं राहिलीत."

"राहू देत. मला दोन बोटं कमी असलेली बायको चालेल. अजिबात नसलेली चालणार नाही."

तिने डावा पंजा पुढे केला. "मी या हाताची मूठ वळून किती वर्षं झाली, माहितीये?"

"नको जाऊस."

"बरं," ती म्हणाली. ती इतक्या सहज कधीच बरं म्हणत नसे. साहेबांना हे तेव्हाच कळायला हवं होतं.

७

पुढच्या सरीला साहेब शेठच्या ऑफिसात अडकले होते. खात्याचा माणूस आला होता आणि त्याला ही टाकी इतर यार्डांना दाखवायचा नमुना म्हणून निवडायची होती. शेठ विनयाने हात चोळत होते. बाहेर पाऊस वाढत होता. साहेबांनी खिडकीतून बघितलं. टाकीच्या कडेला एक उघडी छत्री उलटी पडली होती.

ते तसेच धावले.

ती पालथी पडली होती. दोन्ही हात खांद्यांपर्यंत आत, गाल पाण्याला टेकलेला. डोळे उघडे होते. ती कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. झोप येत असलेल्या माणसाने बोलावं तसं. "बास हं आता. झालं ना. बास."

साहेबांनी तिच्या कमरेला मिठी घातली आणि ओढलं. ती हलली नाही. खालून कोणी ओढत होतं असं नाही. ओढ त्यांना कळली असती. ती जड होती. काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातांना वजन चटकन कळतं, आणि ते वजन बाईमाणसाचं नव्हतं. ते ओतीव धातूचं होतं.

त्यांनी तिच्या खांद्यावरून खाली बघितलं.

पाणी इतकं स्वच्छ होतं की ते आहे असं वाटत नव्हतं. खाली, जिथे गाळ असायला हवा होता तिथे, दोन हातांनी तिचा डावा हात धरला होता. नुकतंच कापलेलं शिसं हवा लागून काळवंडायच्या आधी क्षणभर जसं लखलखतं, तसे ते हात होते. ते काही ओरबाडत नव्हते. एक हात तिचा पंजा खालून तोलून धरत होता आणि दुसरा तिचं राहिलेलं बोट हळूहळू, पुन्हा पुन्हा, सरळ करत होता. त्या हातांच्या मागे काय होतं ते टाकीच्या भिंतीच्या सावलीत होतं, आणि ती सावली भिंतीपेक्षा बरीच मागेपर्यंत जात होती. साहेबांनी तिकडे बघितलं नाही. सगळंच बघायला पाहिजे असा काही नियम नाही.

ओढून उपयोग नव्हता. ओरडायची त्यांना लाज वाटली; ज्याने घरातला कप उचलून दिला त्याच्यावर ओरडायचं कसं? त्यांनी तोंड पाण्याजवळ नेलं.

"आपण फार केलंत आमच्यासाठी," ते म्हणाले. अशा वेळीही त्यांनी आदर सोडला नाही. "जन्मभर विसरणार नाही. आता पुरे. एवढी एक मला राहू द्या."

काही झालं नाही. मग तिसरं बोट सरळ झालं. मग चौथं. खालच्या हातांनी तिचा पंजा एकदा मिटून बघितला, उघडून बघितला, आणि सोडला.

ती एकदम हलकी झाली. साहेब तिला घेऊन मागे कोसळले.

शेठ आणि खात्याचा माणूस छत्री घेऊन येऊन पोचले होते. "वहिनींना चक्कर आली का?" शेठनी विचारलं. खात्याचा माणूस वाकून टाकीत बघत होता.

"वा," तो म्हणाला. "अगदी तळ दिसतोय."

८

ती बरी झाली. गोळ्यांनी ओठांवर रंग आला. डाव्या हाताची मूठ तिने पहिल्यांदा वळली ती साहेबांच्या पाठीत घालायला, आणि साहेबांनी आयुष्यात इतक्या आनंदाने काही खाल्लं नव्हतं. टाकीकडे जायचं तिने पुन्हा नाव काढलं नाही. विचारलं तर म्हणे, "झालं की माझं काम." टाकीपाशी काय झालं ते तिला फारसं आठवत नव्हतं, किंवा ती तसं सांगे.

पावसाळा संपत आला तेव्हा टाकी उपसायला दरवर्षीप्रमाणे टँकर आला. साहेबांनी टँकरवाल्याला झाकण उघडून आत दाखवलं. उपसायला काही नव्हतं. टँकर परत गेला.

शेवटची म्हणावी अशी सर एका दुपारी आली. बायको साहेबांना न्यायला आली होती. दोघांना बाजारात जायचं होतं. ती सुभेदाराच्या खोपटाच्या वळचणीला उभी राहून त्याच्या मिशीची चौकशी करत होती. साहेब टाकीवर गेले. नमुना घेतला, बाटलीचं बूच लावलं. मग त्यांना वाटलं, आता पुढच्या वर्षापर्यंत पाणी येणार नाही. नीट निरोप घ्यायला हवा. झाकणाच्या फटीतून बोलणं हा काही रीतसर निरोप नव्हे.

ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी उजवा हात पाण्यात सोडला.

बराच वेळ नुसतं पाणी होतं. मग खालून काहीतरी आलं आणि त्यांच्या हातात हात देऊ लागलं. देऊ लागलं एवढंच म्हणायचं, कारण त्याला ते जमत नव्हतं. बोटं त्यांच्या तळव्याला चाचपडत लागत आणि सुटत. वर यायचं, आणि मनगटातून पंजा खाली पडायचा. पुन्हा वर यायचं, पुन्हा पडायचा.

साहेबांनी दुसरा हातही पाण्यात घातला आणि ते मनगट खालून तोलून धरलं. विचार न करता धरलं. अंगठा आपोआप नेमक्या हाडावर बसला. त्यांनी हे इतकी वर्षं रोज सकाळी केलं होतं. कुठलं बोट आत वळलंय, कुठला सांधा जाड आहे, पंजा कुठे धरला की दुखत नाही, हे त्यांना न बघता ठाऊक होतं. हा डावा हात त्यांना स्वतःच्या हातापेक्षा जास्त ओळखीचा होता. तो तिचाच होता, बरा व्हायच्या आधीचा.

मागून फाटकापाशी ती सुभेदाराला काहीतरी म्हणाली आणि सुभेदार खो खो हसला.

"अहो," तिने हाक मारली. "झालं की नाही?"

साहेबांनी मागे वळून बघितलं. ती छत्री धरून उभी होती, ताठ, फिकट, हसरी. त्यांच्या हातांत खाली तो पंजा वाट बघत पडून होता.

"होतंय," ते म्हणाले. "तू हो पुढे."

ते पुन्हा पाण्याकडे वळले, मनगट नीट सावरून घेतलं, आणि वळलेलं पहिलं बोट हळूच सरळ करायला लागले.